लिमिटिंग रिएजंट शोधायच्या तीन रीती: कोणती कधी वापरावी?

अकरावीच्या रसायनशास्त्रात लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा आणि म्हणून अभिक्रिया थांबवणारा अभिक्रियाकारक, शोधायच्या तीन रीती भेटतात. तिन्ही बरोबर आहेत. माझा कौल भागाकाराच्या रीतीला आहे, पण बाकीच्या दोन काही ठिकाणी खरोखर उजव्या ठरतात, म्हणून तिन्ही एकाच उदाहरणावर लावून पाहू.

३६ ग्रॅम मॅग्नेशिअम ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळायचं आहे. समीकरणात २ मोल मॅग्नेशिअम आणि १ मोल ऑक्सिजन वायू यांपासून २ मोल मॅग्नेशिअम ऑक्साइड तयार होतं. मॅग्नेशिअमचं अणुवस्तुमान २४ धरलं तर आपल्याकडे ते १.५ मोल आहे, आणि ऑक्सिजन १ मोल. उदाहरण मुद्दाम असं निवडलं आहे. ग्रॅममध्ये मोजा, मॅग्नेशिअम जास्त. मोलमध्ये मोजा, तरी तेच जास्त. आणि आधी संपतंही तेच! ‘जे कमी ते लिमिटिंग’ हा अंदाज इथे दोन्हीकडून चुकतो. सहगुणक, म्हणजे समीकरणात पदार्थांआधी येणारे २, १, २ हे आकडे, बाजूला ठेवून कुठलीच रीत चालत नाही.

पहिली रीत गरजेची. १.५ मोल मॅग्नेशिअमला ऑक्सिजन लागतो ०.७५ मोल. आपल्याकडे १ मोल आहे, म्हणजे पुरून उरतो, लिमिटिंग मॅग्नेशिअम. उरला ०.२५ मोल, म्हणजे ८ ग्रॅम. ‘शिल्लक किती?’ एवढंच विचारलं असेल तर याहून सरळ वाट नाही. धोका एकच, पण वारंवार दिसणारा: घाईत ०.७५ची तुलना १.५शी केली जाते आणि ऑक्सिजन लिमिटिंग ठरतो. तुलना नेहमी एकाच पदार्थाची करायची, लागणारा विरुद्ध असलेला.

दुसरी रीत उत्पादिताची. सगळं मॅग्नेशिअम वापरलं गेलं तर ऑक्साइड १.५ मोल, म्हणजे ६० ग्रॅम. सगळा ऑक्सिजन वापरला गेला तर २ मोल, ८० ग्रॅम. कमी उत्पादित देणारा तो लिमिटिंग. आकडेमोड जास्त होते, पण सैद्धांतिक उतारा, म्हणजे जास्तीत जास्त किती उत्पादित मिळू शकतं तो आकडा, आयता हाती येतो. प्रत्यक्षात ५१ ग्रॅम मिळालं असं पुढे दिलं असेल, तर ५१ भागिले ६०, उतारा ८५ टक्के. टक्केवारीच्या प्रश्नाला हीच रीत घ्या.

तिसरी भागाकाराची: प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने भागायचे. मॅग्नेशिअम १.५ ÷ २ = ०.७५. ऑक्सिजन १ ÷ १ = १. लहान उत्तर ज्याचं, तो लिमिटिंग. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे या दोन ओळींची किंमत कळते.

या रीतीवर शिक्षकांचा एक आक्षेप असतो: मुलं भागाकार करतात, पण ०.७५ म्हणजे काय ते सांगू शकत नाहीत. आक्षेप रास्त आहे, पण त्यासाठी रीत सोडायला नको, अर्थ शिकवायला हवा. समीकरण जसं लिहिलं आहे तसं ते किती पट घडू शकतं, ते हा भागाकार सांगतो. ०.७५ला ऑक्साइडच्या सहगुणकाने, २ने, गुणा: १.५ मोल उत्पादित. ऑक्सिजनच्या १ मोलमधून ०.७५ वजा करा: ०.२५ मोल शिल्लक. आधीच्या दोन्ही रीतींची उत्तरं यातूनच निघाली. रासायनिक अभियांत्रिकीत हीच राशी ‘एक्स्टेंट ऑफ रिअ‍ॅक्शन’ म्हणून पुढे सतत लागते, त्यामुळे आत्ता समजून घेतलेली वाया जात नाही.

अभिक्रियाकारक तीन झाले की निवड आणखी सोपी होते. आम्लयुक्त द्रावणात पोटॅशिअम परमँगनेट, फेरस सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल यांचे सहगुणक अनुक्रमे २, १० आणि ८ आहेत. समजा मोल दिलेत ०.१, ०.६ आणि ०.३६. गरजेच्या रीतीने आधी दोघांची जोडी लावा, मग विजेत्याची तिसऱ्याशी. भागाकाराने एका दमात ०.०५, ०.०६ आणि ०.०४५: आम्ल आधी संपणार.

हे उत्तर कागदावर बरोबर आहे, पण प्रयोगशाळेत आम्ल असं कमी पडू देत नाहीत. ते अपुरं असलं की परमँगनेटचं मँगेनीज डायऑक्साइड होऊ लागतं, शंकूपात्रात तपकिरी गढूळपणा दिसतो, आणि ज्या समीकरणावर हिशेब मांडला ते समीकरणच लागू राहत नाही. म्हणून अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) विरल सल्फ्युरिक आम्ल भरपूर घालतात, आणि हिशेबात उरतात फक्त परमँगनेट आणि फेरस, १ला ५ या प्रमाणात.