सबमिशन ग्राइंडर आणि आमचा लेखकांचा ग्रुप: कथा पाठवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

इंग्रजीत सायन्स फिक्शन, फँटसी, हॉरर असलं काही लिहून ते बाहेरच्या मासिकांना पाठवायची खाज असेल तर सबमिशन ग्राइंडर नावाची साइट माहीत असायलाच हवी. फुकट आहे, आणि दिसायला इतकी जुनाट आहे की पहिल्यांदा उघडणाऱ्याला वाटेल हे कधीच बंद पडलंय आणि तो टॅब मिटवून मोकळा होईल. मिटवू नका. मी बरेच दिवस वापरतेय आणि आमच्या लेखकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या जोडीने वापरतेय, म्हणून दोघांचा मिळून रिव्ह्यू लिहितेय, कारण एकाशिवाय दुसरं अर्धवटच आहे.

आधी ग्राइंडर म्हणजे काय ते. पूर्वी ड्युओट्रोप नावाची साइट होती (अजूनही आहे), तिच्यावर कुठलं मासिक काय घेतं, किती पैसे देतं, किती दिवसांत उत्तर देतं हे सगळं फुकट कळायचं. २०१३ सुरू झालं आणि ड्युओट्रोपने फी लावली, महिन्याला ५ डॉलर किंवा वर्षाला ५०. त्याच जानेवारीत डेव्हिड स्टेफन आणि अँथनी सलिव्हन ह्या दोघांनी ग्राइंडर काढली. स्टेफन स्वतः सायफाय लिहिणारा, त्याचं डायबॉलिकल प्लॉट्स हे मासिकही आहे, त्यामुळे साइटचा कल पहिल्यापासून आपल्या जॉनरकडे, म्हणजे सायफाय-फँटसी-हॉररकडे, नंतर बाकीचं साहित्य आणि कविता वगैरे आलं. चालते देणग्यांवर.

वापरायची पद्धत सोपी. तुमची कथा समजा चार हजार शब्दांची आहे आणि फँटसी आहे, तर जॉनर टाका, शब्दसंख्या टाका, कमीत कमी मानधन किती हवं ते टाका, आत्ता उघडी असलेलीच दाखव म्हणून सांगा, की यादी येते. प्रत्येक मासिकाच्या पानावर ते दुसरीकडे पाठवलेली कथा चालवून घेतात का, आधी छापलेली चालते का, एका वेळी किती पाठवता येतात, हे असतं आणि त्यांच्या नियमांच्या पानाची लिंक असते. आणि ती लिंक उघडून वाचायचीच, ग्राइंडरवरची माहिती माणसं भरतात, मासिकं नियम बदलत असतात.

पण ही झाली डिरेक्टरी, ती कोणीही बनवेल. खरी मजा खाली आहे. तिथे आलेख असतो, कथा पाठवल्यापासून कितव्या दिवशी नकार आले आणि कितव्या दिवशी होकार आले त्याचा. हा डेटा आपल्यासारख्याच लोकांनी भरलेला, प्रत्येक जण आपली कथा पाठवली की नोंद करतो आणि उत्तर आलं की नोंद करतो, ठरावीक छापाचा नकार, संपादकाने दोन ओळी लिहिलेला नकार, होकार, कथा मागे घेतली, आणि माझा आवडता खाना, 'नेव्हर रिस्पॉन्डेड'. तर आलेख बघून कळतं की अमुक मासिक चार-पाच दिवसांत नाही म्हणतं आणि तमुक मासिक पाच महिने अंडी उबवत बसतं. क्लार्क्सवर्ल्ड हे पहिल्या प्रकारातलं, फार पटकन उत्तर देण्यासाठी प्रसिद्ध.

हे का महत्त्वाचं तर बरीच चांगली मासिकं एकच कथा दोन ठिकाणी पाठवलेली चालवून घेत नाहीत. म्हणजे रांगेतच जायचं. चार-चार महिने घेणारी तीन मासिकं एकामागून एक केली की वर्ष गेलं आणि हातात तीन नकार. म्हणून आधी झटपट उत्तर देणारे आणि चांगले पैसे देणारे, मग हळू चालणारे, अशी रांग लावायला ग्राइंडरसारखं दुसरं साधन नाही. माझं तर आता असं झालंय की कथा लिहून व्हायच्या आधीच तिची रांग ठरलेली असते, ही चांगली सवय आहे की वाईट ते जाऊ दे.

तोटा पण सांगते. तुमची कथा नेहमीच्या नकाराच्या दिवसांच्या पुढे टिकली की तुम्ही आलेख उघडून बसता, म्हणजे निवडली असेल का, दुसऱ्या फेरीत गेली असेल का, आज कोणाकोणाला नकार आले, माझ्या नंतर पाठवणाऱ्याला आला मग मला का नाही. तिकडचे लेखक ह्याला रिजेक्टोमन्सी म्हणतात. लग्नाच्या पत्रिका जुळवण्याइतकंच त्यात तथ्य आहे आणि तितक्याच गंभीरपणे केलं जातं.

आता ग्रुप. आम्ही थोडे लोक आहोत, पुणे, ठाणे, नाशिक, एक जण जर्मनीत, एक जण बेंगळुरूला, काही फक्त इंग्रजीत लिहितात, काही मराठीत, दोघंतिघं दोन्हीत. ग्रुपचं काम दोनच, एक म्हणजे कोणाची कथा लागली, म्हणजे मासिकाने घेतली, की सांगायचं, दुसरं म्हणजे कुठे काय मागवलंय ते टाकायचं. बाकी गुड मॉर्निंग बंद, राजकारण बंद, आणि 'माझी कथा वाचून कळवा' हे पण बंद, त्यासाठी वेगळा ग्रुप आहे (तो ओस पडलाय).

कथा लागल्याच्या बातमीबद्दल मला एक म्हणायचंय. अशा ग्रुपवर फक्त यश दिसतं. सोमवारी कोणाची तरी फ्लॅश (अगदी छोटी कथा) लागली, गुरुवारी कोणाचं तरी नाव एखाद्या अँथॉलॉजीत, शनिवारी केकचे इमोजी, आणि तुम्ही गप्प कारण तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. हळूहळू वाटायला लागतं की सगळ्यांच्याच लागतायत, आपल्याच परत येतायत. ग्राइंडर हा भ्रम एका मिनिटात उतरवते, तिथे नकारांची रांग बघितली की कळतं हे सगळीकडे असंच चाललंय. मी ग्रुपवर सुचवलं की नकारपण सांगूया, तर पहिल्यांदा कोणी बोललं नाही, मग जर्मनीवाल्याने एकदम त्याची यादीच टाकली आणि त्यानंतर ग्रुप खूप सुसह्य झाला. आता संपादकाने दोन ओळी लिहिलेला नकार आला तर आम्ही अभिनंदन करतो, आणि ते मनापासून असतं, कारण हजारो कथांच्या ढिगातून कोणीतरी थांबून लिहिलंय.

अर्थात ग्राइंडरचे आकडेही जसेच्या तसे घेऊ नका. नोंद ठेवणारा लेखक हा मुळात जरा शिस्तीचा, नियम वाचून पाठवणारा, त्यामुळे तिथे दिसणारं होकाराचं प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त असणार. शिवाय नकार आला की वैतागून नोंद न करणारे पण असतातच, होकार मात्र कोणी विसरत नाही. तिथे एक टक्का दिसला तर प्रत्यक्षात त्याहून कमी समजायचं.

पैशाचं. अमेरिकेत सायफाय लेखकांची एसएफडब्ल्यूए ही संघटना आहे, ती व्यावसायिक दर कशाला म्हणायचं ते ठरवते, सप्टेंबर २०१९ पासून तो शब्दाला ८ सेंट. चार हजार शब्दांचे ३२० डॉलर झाले, आपल्याकडे पंचवीस-तीस हजारांच्या घरात. क्लार्क्सवर्ल्ड ह्या दरापेक्षा जास्त देतं. खाली गेलात की अख्ख्या कथेचे ५-१० डॉलर देणारी पण असतात, आणि ते आपल्यापर्यंत येताना कमिशन आणि डॉलरचा भाव ह्यात त्यातला बराच भाग गळतो, तेव्हा अशा ठिकाणी पैशासाठी पाठवू नका, मासिक आवडतं म्हणून पाठवा. पेपॅल ह्या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेबद्दल ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी विचारतंच: भारतातल्या भारतात पेपॅल १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, पण परदेशातून आलेले पैसे मिळतात, पॅन जोडावा लागतो आणि पैसे थेट बँकेत जातात. कधी कधी अमेरिकन मासिक डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतं, घाबरायचं कारण नाही, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढंच त्यात सांगायचं असतं.

अजून एक इथे बसून करायचा हिशोब, मासिकाची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या मध्यरात्री संपत असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ (त्यांच्या हिवाळ्यात साडेदहा) असतात. शेवटच्या क्षणी पाठवणाऱ्यांना ही देवाची कृपा आहे. फक्त काही मासिकं ठरावीक संख्येने कथा आल्या की बंद होतात, तिथे ही कृपा चालत नाही.

एआयचा विषय निघणारच. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्डकडे मशीनने लिहिलेल्या कथांचा इतका पूर आला, महिना संपायच्या आत पाचशेवर, की संपादक नील क्लार्कला २० तारखेला दारच बंद करावं लागलं, पुढच्या महिन्यात उघडलं. त्यातल्या पुष्कळ कथा 'घरबसल्या पैसे कमवा' छापाचे व्हिडिओ बघून आलेल्या होत्या. तेव्हापासून बऱ्याच मासिकांच्या फॉर्मवर एआय वापरलं नाही अशी कबुली द्यावी लागते, आणि आमच्या ग्रुपवर कोणी 'ग्रामर फक्त चॅटजीपीटीने नीट केलं' म्हटलं की मोठा वाद होतो. माझं मत, नियमात 'चालणार नाही' असं लिहिलंय ना, मग नाही.

आता ग्रुपवर येणाऱ्या संधींचा दर्जा. इथे मी एक स्टार कापते. कोणीतरी फॉरवर्ड करतं, सुंदर पोस्टर असतं, 'नवोदित लेखकांना सुवर्णसंधी, तुमची भयकथा पुस्तकात', आणि खाली बारीक अक्षरात सहभाग शुल्क, त्यात एक ई-सर्टिफिकेट आणि 'सहलेखक' हे बिरुद. हा धंदा भारतात जोरात आहे. जेम्स मॅकडॉनल्ड ह्या लेखकाने घालून दिलेला साधा नियम आहे, पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको. शंका आली तर रायटर बिवेअर म्हणून लेखकांना फसवणाऱ्यांपासून सावध करणारा, १९९८ पासून चालू असलेला उपक्रम आहे, तिथे प्रकाशकाचं नाव शोधा. आम्ही आता नियम केलाय की पोस्टर टाकायचं नाही, मानधन, हक्क आणि मुदत ह्या तीन गोष्टी टाइप करून टाकायच्या. तीन गोष्टी टाइप करायला लागल्या की निम्मे फॉरवर्ड आपोआप बंद झाले.

हक्कांकडे कोणी बघत नाही ते बघा. चांगली मासिकं पहिल्यांदा छापण्याचे हक्क घेतात आणि ठरावीक महिन्यांनी कथा तुमची तुम्हाला परत. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' वाचलं की मागे फिरा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी 'आम्हाला काय त्याचं' म्हणायच्या आधी समोवार बघा. स्ट्रेंज होरायझन्स ह्या इंग्रजी सायफाय-फँटसी मासिकाचं भावंड आहे, २०१७ ला सुरू झालं, अनुवादित कथा छापतं आणि मूळ भाषेतली कथाही सोबत देतं. म्हणजे देवनागरीतली कथा तिथे शोभून दिसेल, फक्त चांगला अनुवादक गाठायला हवा आणि इथेच घोडं अडतं, ग्रुपवर अनुवाद करायला कोणी तयार नाही.

बाकी मराठी बाजाराला ग्राइंडर काहीच करू शकत नाही. आपल्याकडे जागा नाहीत असं नाही, 'नवल' आहे, 'धनंजय' आहे, गूढ-भय-विज्ञान छापणारे दिवाळी अंक आहेत, मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा तर जुनीच. १९७४ ला नारळीकरांनी ह्याच स्पर्धेला नारायण विनायक जगताप ह्या नावाने कथा पाठवली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती, पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकून वाचायची पद्धत स्टेफनच्या डायबॉलिकल प्लॉट्समध्ये आज आहे, कथेवर नाव असूच नये म्हणतात. आपल्याकडच्या दिवाळी अंकांत मात्र निम्मी जागा आधीच 'आमंत्रित' असते आणि उरलेल्यासाठी तुम्ही ईमेल केला की पोचसुद्धा येत नाही. दिवाळीत अंक विकत घ्यायचा आणि अनुक्रमणिकेत नाव शोधायचं, ही आपली उत्तर कळवायची सिस्टीम. मला एका अंकाकडून होकार-नकार काहीच आलं नाही, कथा छापून आल्याचं मैत्रिणीने फोटो पाठवला तेव्हा कळलं, मानधनाचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

म्हणून ग्रुपने ग्राइंडरची नक्कल केलीय. एक शेअर्ड शीट आहे, त्यात अंकाचं नाव, कथा कधी पाठवली, पोच आली का, उत्तर कधी आलं, छापल्यावर अंक पाठवला का, मानधन किती आणि केव्हा. लेखकाचं नाव टाकायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर कोणी खरं भरणार नाही, सगळ्यांना पुढच्या वर्षी पुन्हा त्याच संपादकाकडे जायचंय. अजून भरलेल्या ओळी थोड्या आहेत, आणि एका गावात असल्यासारखे सगळे एकमेकांना ओळखतात त्यामुळे दोन ओळींवरून कोणाची कथा ते कळतंच, त्याला इलाज नाही.

ग्राइंडरला साडेचार स्टार, अर्धा मोबाइलवर ती वापरताना होणाऱ्या कटकटीसाठी कापला. ग्रुपला साडेतीन. शीटला आत्ताच स्टार देत नाही, मानधनाचा कॉलम अजून जवळपास रिकामा आहे, आणि तो लोक लाजतात म्हणून रिकामा आहे की खरंच काही मिळालं नाही म्हणून, ते ह्या दिवाळीनंतर बघू.