ग्रॅनाडाचा शेरलॉक होम्स: ४१ भागांचा संच, वॉटसनच्या बाजूने बघितलेला

होम्सचं पडद्यावरचं कुठलंही नवं रूप आलं की आधी होम्सकडे बघूच नये. टोपी, पाइप, व्हायोलिन, बाकदार नाक हे सगळं कुठलाही बरा रंगभूषाकार जमवून देतो. बघायचं वॉटसनकडे. तो लढाईत जखमी होऊन आलेला, डोकं ठिकाणावर असलेला डॉक्टर वाटतो, की नायकाच्या हुशारीला टाळ्या मिळाव्यात म्हणून उभा केलेला बावळट मामा वाटतो? तो मामा असेल तर होम्सही फुकट जातो, कारण बावळटापुढे कोणीही हुशार दिसतो.

या कसोटीवर ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनची मालिका आजही सगळ्यांच्या पुढे आहे. म्हणूनच तिच्या संपूर्ण संचाची ही चिरफाड. संपूर्ण संच मात्र एकसारखा नाही. त्यातला साधारण दोन तृतीयांश माल अस्सल आहे, उरलेल्यात काही भाग डोळे मिटून सोडून द्यावेत असे आहेत, आणि कुठला भाग कुठे आहे हे वेष्टनावर लिहिलेलं नसतं.

आधी हिशेब. होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल याने होम्सच्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या लिहिल्या. ग्रॅनाडाने १९८४ ते १९९४ या काळात ४१ भाग केले. त्यातले ३६ साधारण ५० मिनिटांचे आणि ५ चित्रपटाच्या लांबीचे. सलग बसलात तर ३८ तासांच्या आसपास. मालिकेचे चार गट आहेत: 'ॲडव्हेंचर्स' (१३ भाग, १९८४-८५), 'रिटर्न' (११ भाग, आणि त्याच काळात 'द साइन ऑफ फोर' व 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' हे दोन मोठे), 'केसबुक' (१९९१ चे ६ भाग आणि नंतरचे ३ मोठे) आणि 'मेमॉयर्स' (१९९४ चे ६). होम्स सगळीकडे एकच, जेरेमी ब्रेट. वॉटसन दोन: पहिल्या १३ भागांत डेव्हिड बर्क, पुढे एडवर्ड हार्डविक.

निर्माता मायकेल कॉक्स याने चित्रीकरणाआधी 'बेकर स्ट्रीट फाइल' नावाचं ७७ पानी टिपण तयार करवून घेतलं. होम्स काय खातो, काय ओढतो, कसा बसतो, वॉटसनला कुठली सवय आहे, याच्या मूळ कथांतून वेचलेल्या नोंदी त्यात होत्या. त्याचा परिणाम पडद्यावर स्पष्ट दिसतो. होम्स लंडनमध्ये कान झाकणारी टोपी घालून हिंडत नाही, तिथे त्याच्या डोक्यावर शहरी सभ्य माणसाची उंच हॅट असते. ती प्रसिद्ध टोपी खेड्यात आणि प्रवासात. मूळ कथांत तिचं नावही येत नाही. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये कान झाकणारी प्रवासी टोपी एवढाच उल्लेख आहे, बाकीची करामत १८९१ पासून स्ट्रँड मासिकात चित्रं काढणाऱ्या सिडनी पॅजेटची. वाकडा पाइप तर नाटकातून आला, विल्यम जिलेट या नटाकडून. आपल्याकडे विनोदी नाटकातला गुप्तहेर चौकड्यांची टोपी आणि वाकडा पाइप घेऊन येतो, त्याचं मूळ कथांत नसून या दोघांत आहे.

आता वॉटसन. बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांच्या १९३९ ते १९४६ मधल्या १४ चित्रपटांनी जगाला तोच बावळट मामा दिला. रॅथबोनचा होम्स देखणा आणि धारदार, पण ब्रूसचा वॉटसन खोलीत आला की प्रश्न पडतो, हा तल्लख माणूस याच्याबरोबर एका घरात राहतो तरी कशाला? मराठीत भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेल्यांना तर हा वॉटसन ओळखूच येत नाही. गोष्ट सांगणारा तोच आहे, आणि जो इतकं नेमकं सांगू शकतो तो मठ्ठ कसा असेल?

बर्कने हा घोळ पहिल्याच भागात मिटवला. 'अ स्कँडल इन बोहेमिया'ची सुरुवात बघा. मूळ कथेत वॉटसन लग्न करून वेगळा राहतो आणि जाता जाता सहज डोकावतो. इथे तो बेकर स्ट्रीटवरच राहतो, गावाहून परततो, आणि आज मॉर्फीन की कोकेन असं जळजळीत विचारतो. हे संभाषण 'साइन ऑफ फोर'मधून उचलून इथे आणलेलं आहे. कथा बदलली, वाक्यं डॉइलचीच, आणि पहिल्या पाच मिनिटांत कळतं की हा मित्र होम्सला घाबरत नाही. बर्कचा वॉटसन खोडकर आहे, हसतो, चिडतो. हार्डविकचा अधिक शांत, थोडा थकलेला, जास्त मायाळू. नट बदलला ती जागाही नशिबाने बरी सापडली. 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात जातो (तो भाग स्वित्झर्लंडमध्ये खऱ्या धबधब्यावरच चित्रित झाला), आणि 'द एम्प्टी हाउस'मध्ये तीन वर्षांनी परत येतो. मधल्या तीन वर्षांत वॉटसन पोक्त झाला असं समजून घेता येतं. मोठा धक्का बसत नाही.

मूळ कथेशी इमान राखणं म्हणजे काहीच न बदलणं, असं मानणाऱ्यांनी १२ वा आणि १३ वा भाग लागोपाठ बघावा. डॉइलने होम्सचा कट्टर शत्रू मोरिआर्टी याला ज्या कथेत आणलं त्याच कथेत बुडवलं. पुस्तकात चालतं, पडद्यावर हा कोण म्हातारा अचानक, असं होतं. म्हणून 'द रेड-हेडेड लीग'मधल्या बँकफोडीमागे मोरिआर्टीचा हात दाखवून त्याला आदल्याच आठवड्यात पेरून ठेवलं. एरिक पोर्टरचा मोरिआर्टी मान हलवत येतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात त्याचा राग आधीच जमा असतो. याला सुतारकाम म्हणावं, सांधा दिसत नाही. मोनालिसाच्या चोरीची जोड मात्र उपरी वाटते. लूव्रमधून ते चित्र खरोखर चोरीला गेलं १९११ साली, कथा घडते १८९१ मध्ये, आणि कथेला त्या चोरीची गरजही नव्हती.

'द मस्ग्रेव्ह रिच्युअल' हे रूपांतराचं उत्तम गणित आहे. मूळ कथा होम्सच्या तरुणपणातली, तिथे वॉटसन नाहीच, होम्स त्याला ती नंतर सांगतो. तशीच चित्रित केली असती तर अर्धा भाग निवेदनात गेला असता. ग्रॅनाडाने वॉटसनला सरळ हवेलीवर नेलं. सहा फुटी काठीची सावली नऊ फूट, तर ६४ फुटी झाडाची ९६, हा त्रैराशिकाचा खेळ वाचताना कोरडा वाटतो. पडद्यावर दोघं मित्र पावलं मोजत चालतात तेव्हा तो शोध होतो.

आणि 'द डेव्हिल्स फूट'. विषारी धुरात भान हरपलेला होम्स मित्राला 'जॉन' अशी हाक मारतो. मूळ कथांत तो आयुष्यभर 'वॉटसन' म्हणतो, नाव कधीच घेत नाही. एका शब्दाची भर, पण इतक्या भागांनी जमवलेलं मैत्र त्यावर उभं आहे. याच भागात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर होम्स कोकेनची सिरिंज वाळूत पुरतो. ब्रेटला मुलं पत्रं लिहीत, म्हणून त्याला होम्सची ही सवय सोडवायची होती, आणि त्यासाठी डॉइलच्या मुलीची परवानगी घेतली गेली. कट्टर वाचक इथे नाक मुरडतात. मुरडू द्या. डॉइलच्या होम्सनेही ती सवय सोडलीच होती, फक्त आपल्यासमोर नाही.

तुलनेला बीबीसीचा 'शेरलॉक' (२०१० ते २०१७, १३ भाग) घेतल्याशिवाय ही चर्चा हल्ली संपत नाही. त्याचा पहिला भाग नव्या काळात पात्रं कशी उतरवावीत याचा धडाच आहे. 'साइन ऑफ फोर'मध्ये होम्स वॉटसनच्या भावाच्या खिशातल्या घड्याळावरून, किल्लीच्या भोकाभोवतीच्या ओरखड्यांवरून, तो दारुडा होता हे सांगतो. इथे घड्याळाचा मोबाइल झाला आणि ओरखडे चार्जिंगच्या भोकाभोवती आले. वर गंमत म्हणजे 'हॅरी' हा भाऊ नसून बहीण निघते, म्हणजे पुस्तक पाठ असलेल्यालाही चकवा. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये खुनाच्या जागी भिंतीवर लिहिलेला 'राखे' हा शब्दही तसाच उलटवला आहे. डॉइलकडे पोलीस म्हणतात 'रेचल' लिहिता लिहिता राहिलं, आणि होम्स सांगतो की सूड या अर्थाचा हा जर्मन शब्द. बीबीसीत जर्मन शब्दाचा तर्क दुसराच लढवतो आणि शेरलॉक म्हणतो, छे, 'रेचल'च. असं करायला मूळ कथा कोळून प्यावी लागते.

पण याच मंडळींनी 'अ स्कँडल इन बोहेमिया'तल्या आयरीन ॲडलरची माती केली. १८९१ च्या कथेत ती होम्सला हरवते, पत्र लिहून निघून जाते, आणि होम्स बक्षीस म्हणून तिचा फोटो मागून घेतो. २०१२ च्या भागात ती शेवटी हरते, आणि कराचीत तिची मान तलवारीखाली असताना शेरलॉक येऊन वाचवतो. सव्वाशे वर्षांनी नव्याने लिहिलेली बाई जुन्या बाईपेक्षा दुबळी निघावी? ग्रॅनाडाच्या गेल हनिकटची आयरीन बघितली की हा फरक जास्त टोचतो. अमेरिकेच्या 'एलिमेंटरी'ने (२०१२ ते २०१९) वॉटसनलाच बाई केलं, ल्युसी लिऊची जोन वॉटसन. कल्पना ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला, पण वॉटसनच्या कसोटीवर ती चांगल्या गुणांनी पास होते. ती स्वतः गुप्तहेर होत जाते, मामा होत नाही.

परत संचाकडे, कारण तक्रारी बाकी आहेत.

'द साइन ऑफ फोर' (१९८७) देखणा आहे. जॉन थॉचा जोनाथन स्मॉल आणि थेम्सवरचा बोटींचा पाठलाग दोन्ही चोख. पण शेवटी होम्सकडे मदत मागायला आलेल्या मेरीशी वॉटसनचं लग्न जुळत नाही, ती निघून जाते. मालिकेला दोघं एका घरात हवे होते, हे कारण समजतं, तरी वॉटसनच्या वाट्याची एकमेव प्रेमकथा गेली ती गेलीच. (आग्ऱ्याच्या खजिन्याची कथा भारतीय वाचकाला तशीही थोडी हसवते. डॉइल महोमेत सिंग, अब्दुल्ला खान, दोस्त अकबर अशी नावं देतो आणि त्यांना शीख म्हणतो.) 'हाउंड' (१९८८) निराश करतो. मधला मोठा भाग वॉटसन एकटा माळरानावर काढतो, म्हणजे हार्डविकसाठी सुवर्णसंधी, पण गती मंद आणि कुत्रा दिसला की भीती संपते. न दाखवता फक्त ऐकवला असता तर काम झालं असतं.

मोठ्या भागांचा मूळ दोष लांबीचा आहे. डॉइलची लघुकथा ५० मिनिटांत नेमकी बसते, शंभर मिनिटांना पुरत नाही. मग भर घालावी लागते. 'द मास्टर ब्लॅकमेलर' (१९९२) यातून सुटतो, कारण मूळ कथेत थोडक्यात उरकलेलं मोलकरणीशी खोटं लग्न ठरवण्याचं प्रकरण त्यांनी फुलवलं. ती भर मूळ बीजातूनच उगवलेली आहे, आणि ब्रेट तिथे फार हळवा दिसतो. १९९३ च्या 'द लास्ट व्हॅम्पायर' आणि 'द एलिजिबल बॅचलर'मध्ये भर बाहेरून आणली. 'बॅचलर'मध्ये तर होम्सला भविष्य सांगणारी स्वप्नं पडतात! ज्या माणसाने आयुष्यभर भुताखेतांना तर्काने हाकललं त्याला स्वप्नांच्या मागे धावायला लावायचं, हे पात्राची नवी मांडणी नव्हे, मोडतोड आहे. हे दोन सोडा.

१९९४ च्या सहा भागांकडे मात्र वेगळ्या नजरेने बघावं. ब्रेटला मनाचा आजार होता, हृदयही दुखावलेलं. औषधं आणि आजार यांनी शरीर सुजलं, दम लागायला लागला. १९८४ चा तो पात्यासारखा माणूस आठवत असेल तर त्रास होतो. 'द गोल्डन पॅन्स-ने'मध्ये हार्डविक उपलब्ध नव्हता म्हणून वॉटसनच्या जागी होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट आला, आणि 'द मॅझरिन स्टोन'मध्ये ब्रेटच आजारी म्हणून तपासही मायक्रॉफ्टनेच केला. मायक्रॉफ्ट झालेला चार्ल्स ग्रे गोड आहे, पण जोडी तुटली की मालिका तुटते. 'द कार्डबोर्ड बॉक्स' हा शेवटचा भाग या सहांतला सर्वांत सलग. ब्रेट सप्टेंबर १९९५ मध्ये गेला.

खरेदीच्या बाबतीत चार गोष्टी तपासा. डीव्हीडीसाठी भारत ५ व्या विभागात येतो, अमेरिकेच्या चकत्या पहिल्या आणि ब्रिटनच्या दुसऱ्या विभागाच्या असतात, त्यामुळे सगळे विभाग चालवणारा प्लेयर लागतो. ब्लू-रेला अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी, म्हणजे तीच कटकट. मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी केलेली आहे. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदा पूर्ण भरला आणि उभ्या माणसांच्या टोप्या वरून कापल्या जाताहेत असं दिसलं, तर चित्र छाटलेलं आहे. माणसं रुंद दिसली तर टीव्हीची सेटिंग चुकली आहे. इंग्रजी उपशीर्षकं आहेत का हे वेष्टनाच्या मागे आधी बघा, कारण ब्रेट पुटपुटतो, मग एकदम ओरडतो, आणि निम्मी गंमत पुटपुटण्यातच आहे.

पूर्ण संचाची किंमत झेपत नसेल किंवा परवडत असूनही जीव होत नसेल, तर 'ॲडव्हेंचर्स' आणि 'रिटर्न' हे दोनच गट घ्या, आणि 'द मास्टर ब्लॅकमेलर' सुटा मिळाला तर जोडीला. एकाच संध्याकाळी पारख करायची असेल तर पहिला भाग लावू नका. 'द ब्लू कार्बंकल' लावा: नाताळची थंडी, हरवलेली टोपी, पोटात रत्न असलेला हंस, आणि त्या टोपीवरून होम्स तर्क लढवत असताना त्याला प्रश्न विचारणारा वॉटसन, पण त्यातला एकही प्रश्न मूर्ख नाही.