जयपूर फूट: पाऊल झकास, पण वाढत्या मुलाचा जीव सॉकेटमध्ये

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला गुडघ्याखालचा कृत्रिम पाय बसवायचा असला की घरचे पावलाकडे बघत बसतात. रंग जुळतो का, बोटं खरी दिसतात का. पाऊल तपासायला दहा मिनिटं पुरतात, उरलेला दिवस सॉकेटला द्या, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग (स्टंप) ज्यात बसतो त्या पोकळ भागाला. मूल पाय घालायला कंटाळतं ते बहुतेक वेळा सॉकेटपायी, आणि खापर मात्र पावलावर फुटतं.

आधी पाऊल, म्हणजे जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते घडवलं. पुढे १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि ते देशभर गेलं. पाऊल कापून बघितलं तर टाचेत आणि चवड्यात स्पंजासारखं रबर, घोट्यात लाकडाचा ठोकळा आणि त्यातून वर आलेला बोल्ट. या तिन्ही तुकड्यांभोवती टायरमधल्या दोऱ्याचं रबर गुंडाळतात, वरून कातडीच्या रंगाचं रबर चढवतात आणि साच्यात भट्टीत भाजतात.

या बांधणीमुळे घोटा सगळ्या दिशांना थोडा थोडा वळतो. मूल अनवाणी चालतं, पंगतीत मांडी घालून बसतं, उकिडवं बसतं, चिखलात भातलावणीला उतरतं. सॅच नावाचं साधं पाऊल यात मार खातं. त्यात घोटा वळतच नाही आणि ते बुटात घालून वापरण्यासाठीच बनवलेलं असतं. उलट जयपूर फूट सॅचपेक्षा जड आहे, आणि वजन पायाच्या टोकाला असल्यामुळे मांडी भरून येते. धावण्यात उसळी देणारं कार्बनचं पाऊल वेगळंच. शर्यतीत पळणाऱ्या मुलाला जयपूर फूट घेऊन ‘पळ’ म्हणणं अन्याय आहे.

पाऊल हाताने बनतं, त्यामुळे सगळे नग सारखे निघत नाहीत. टाच अंगठ्याने दाबा, ती दबून परत वर यायला हवी. बोटांचा भाग वाकवून कातडीवर चीर दिसते का ते पाहा. पाय हलवून कानाजवळ धरा. कट् असा आवाज आला तर बोल्ट ढिला आहे, तिथेच आवळून घ्या.

आता सॉकेट. माप घेताना स्टंपवर पातळ मोजा चढवून हाडांच्या जागांवर कॉपिंग पेन्सिलने खुणा करतात. नडगीची कड, बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं आणि स्टंपचं टोक या नाजूक जागा. प्लास्टरच्या साच्यात त्या खुणा उमटतात, मग तिथे प्लास्टर चढवून मोकळीक ठेवतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर (वाटीला नडगीशी जोडणाऱ्या जाड दोरीवर) मात्र प्लास्टर खरवडतात, कारण तिने भार घ्यायचा असतो. मग एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा ओव्हनमध्ये आरपार दिसू लागेपर्यंत तापवतात, साच्यावर ओढतात आणि हवा खेचून घट्ट बसवतात. खुणा न करता घाईने प्लास्टरची पट्टी गुंडाळणारा तंत्रज्ञ दिसला तर तिथेच विचारा. नंतर विचारून काही होत नाही.

पाय हातात पडल्यावर एक चाचणी करून घ्या. हरभऱ्याएवढी शाडूची किंवा खेळण्यातल्या क्लेची गोळी सॉकेटच्या तळाशी टाका. मुलाला मोजा घालून पाय चढवू द्या, दोन्ही पायांवर भार देऊन उभं करा आणि पाय काढून गोळी बाहेर घ्या. ती चपटी होऊन तीन-चार मिलिमीटर जाड राहिली तर टोक हलकं टेकतंय, छान. गोळी जशीच्या तशी गोल निघाली तर टोक हवेत लटकतंय, अशा जागी सूज येते आणि कातडी काळपट, जाड पडते. कागदासारखी पातळ झाली तर हाडाचं टोक तळावर आपटतंय. गोळी बघूनही ‘सवयीने बसेल’ असं उत्तर मिळालं तर पाय तिथेच ठेवून या. सवयीने फक्त घट्टे पडतात.

पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, काढायचा, कातडी बघायची. वाटीखालचा लालसरपणा पंधरा-वीस मिनिटांत गेला पाहिजे. नडगीच्या कडेवर लाली तासभर राहिली तर सॉकेट परत. वेळ रोज थोडा थोडा वाढवा. स्टंप रात्री साबणाने धुवा. सकाळी धुवून ओलसर कातडीवर मोजा चढवला की ती सोलवटते. एचडीपीईतून हवा जात नाही, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात मधल्या सुट्टीत मोजा बदलायला हवाच. दप्तरात दोन जास्तीचे सुती मोजे ठेवा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू देऊ नका, गुडघा आखडला की मग चांगला सॉकेटही बसत नाही.

वाढीचा हिशेब इथून सुरू होतो. पाच ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर उंच होतं. कृत्रिम पायासाठी ढोबळ नियम असा: पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी नवा, बारापर्यंत दोन वर्षांनी, पुढे एकविसापर्यंत तीन-चार वर्षांनी. सॉकेट बहुतेकदा त्याआधीच बदलावा लागतो. म्हणून माप घेतानाच सांगा की मोज्यांचे दोन-तीन थर जास्त धरा. स्टंप जाड होत जाईल तसा एकेक थर कमी करायचा. शेवटचा थर निघाला की नव्या मापाची वेळ आली.

सॉकेट लहान झाला की मोठा, हे लालीच्या जागेवरून कळतं. लाली वाटीखालच्या शिरेऐवजी तिच्या खालच्या हाडाच्या उंचवट्यावर आली तर स्टंप आत उतरत नाही, म्हणजे मोजा कमी करा. लाली वाटीच्या खालच्या कडेवर आली तर स्टंप खोल बुडतोय, एक मोजा वाढवा.

उंचीसाठी मुलाला अनवाणी सरळ उभं करा आणि मागून कमरेची दोन्ही हाडं हाताने चाचपा. कृत्रिम पायाची बाजू खाली असेल तर त्या पावलाखाली पातळ वह्या सरकवत जा, कंबर समान झाली की गड्डीची जाडी मोजा. एक सेंटीमीटरपर्यंत चालून जातं, त्यापुढे पाठ वाकडी व्हायला लागते. जयपूरच्या पायाची खरी अडचण इथे आहे. सॉकेट आणि नळी एकाच पाइपची, त्यामुळे उंची वाढवायला कापाकापी करावी लागते. आत धातूची नळी असलेल्या मॉड्युलर पायात नुसती नळी बदलली की झालं. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या वयात मॉड्युलर परवडत असेल तर तो घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सॉकेटने सुटत नाही. हाड मधोमध कापलेलं असेल तर मुलांमध्ये ते टोकाला वाढत राहतं आणि कातडीखाली सुळ्यासारखं टोचतं. टोकावर टणक गाठ, पातळ चकाकती कातडी किंवा दाबल्यावर कळ दिसली की अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. सॉकेट मोठा करत बसलात तर हाड कातडी फाडून बाहेर येतं. सांध्यातून कापलेल्या पायात हा त्रास होत नाही.

शाळेचा बूट हे वेगळंच प्रकरण. हे पाऊल अनवाणी वापरासाठी बनलेलं, म्हणजे टाचेची उंची शून्य. दीड सेंटीमीटर टाचेचा काळा बूट चढवला की नळी पुढे झुकते आणि मूल गुडघा वाकवून चालतं. पाय जुळवायला जाताना शाळेचे बूट बरोबर न्या. वेल्क्रोचे आणि एक नंबर मोठे घ्या, कारण हे पाऊल घोट्याशी दबत नाही.

मोडतं काय? चवड्याच्या वळणावर रबर चिरतं, पट्ट्याचे रिव्हेट सुटतात, सॉकेटची कड भोकापासून फाटते. रबराला चीर पडली की पाणी लाकडापर्यंत जातं आणि ठोकळा फुगतो, म्हणून पावसाळ्याआधी पाऊल बघून घ्या. चुलीजवळ किंवा उन्हात बंद गाडीत पाय ठेवू नका, पाइपचा आकार बिघडतो आणि तो परत येत नाही.

शिबिरात पाय मोफत आणि लगेच मिळतो, मोठ्या माणसाला ते पुरतं. मुलाला पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावंच लागतं, तेव्हा शिबिर हललं की कुठे जायचं ते नोंदणीच्या टेबलावरच विचारून घ्या. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, तिथे डॉक्टर आणि कार्यशाळा एकाच आवारात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत साधन साधारणपणे तीन वर्षांनी मिळतं, पण बारा वर्षांखालच्या मुलाला वर्षाने पुन्हा मागता येतं. हे खिडकीवर आपणहून कुणी सांगेलच असं नाही. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो जवळ ठेवा.

नवा पाय आला तरी जुना लगेच टाकू नका. पट्टे आणि बोल्ट शाबूत असतील तर नवा दुरुस्तीला गेला त्या दिवशी मूल, मोज्याचा थर कमी करून, त्यावर शाळेत जाऊ शकतं.