डोक्यावरचे कान: फेल्टचे की फोमचे?
रत्नागिरीहून पोरांना खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला न्यायचंय, कानवाले हेअरबँड घरीच करायचेत, तर फेल्ट (जाडसर मऊ कापड) घ्यावं की फोम शीट?

दिसायला फेल्टच सरस. दोन तुकडे काठाने शिवायचे, आत कापूस, की कान कसे गुबगुबीत! पण आधाराला पुठ्ठा घातलात तर आपल्या दमट हवेत तो मऊ पडतो, कान लोंबतात. पावसाची सर आली की कापूस पाणी पितो आणि श्रावणात वाळणार कुठे?

फोम कापला, ग्लू गनने चिकटवला, झालं. भिजला तर पुसायचा. गोंद फार तापवू नका, पातळ शीट आकसते. पावसाळ्यात मी फोमच घेईन. तसंही वेगाच्या राइडवर कान काढूनच बसायचं.