घरट्यातला गरुड ओळखण्यासाठी: दुर्बीण की कॅमेरा?

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरामागील सुरूच्या झाडावर मोठ्या शिकारी पक्ष्याने घरटे बांधले असून, तो समुद्री गरुड की ब्राह्मणी घार हे ठरवण्यासाठी दुर्बीण घ्यावी की लांब झूमचा कॅमेरा, असा त्यांचा प्रश्न आहे.

खर्चात दुर्बीण सरस ठरते. आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची साधी दुर्बीण काही हजारांत मिळते, तर कॅमेऱ्यासाठी त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. पहाटेच्या मंद उजेडातही ती चांगले दाखवते, आणि पिलांना भरवताना पाहण्याचे सुख तिच्यातूनच मिळते.

ओळख पटवण्यात मात्र कॅमेऱ्याला तोड नाही. समुद्री गरुडाची शेपटी आखूड, पाचरीसारखी असते आणि पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर; ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर. प्रौढ पक्षी रंगावरून लगेच ओळखता येतात, पण तपकिरी पिले उडू लागली की शेपटीचा हा फरक क्षणात निसटतो आणि छायाचित्रात टिकतो.

दोन्ही साधने अंगणातूनच वापरावीत, कारण माणूस फार जवळ गेल्यास पक्षी घरटे सोडू शकतात. रोज निरीक्षण करायचे असेल तर दुर्बीण घ्यावी. नोंद पुराव्यासह जाणकारांना दाखवायची असेल तर कॅमेरा.