थॅलेसेमियासाठी काय: साधी रक्तचाचणी की संपूर्ण जीनोम?

मुंबईत सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचं, म्हणजे त्याचं एकच सदोष जनुक असलेल्यांचं, प्रमाण जास्त आहे. सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) करून एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीत, त्यातला हिमोग्लोबिन ए२ हा प्रकार मोजला की बहुतेक वाहक सापडतात. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून तर तपासल्याशिवाय कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के. अशा जोडप्याच्या जनुकातला नेमका बदल शोधून गर्भाची तपासणी करता येते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविकारांवरची संस्था आहे.

दुसरा पर्याय म्हणजे जीनोमची, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएची, सुमारे ३०० कोटी अक्षरं वाचणं. निदानच न झालेल्या दुर्मिळ आजाराच्या मुलासाठी तो अमूल्य. मात्र निरोगी माणसांत अर्थ न लागणारे बदलही निघतात, आणि ते धीराने समजावणारे समुपदेशक हवेत. जीनोमइंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले, त्यामुळे हा अर्थ लावणं सोपं होत जाईल.

सार्वजनिक पैसा मर्यादित असताना मी एचपीएलसीच आधी निवडेन, तीही लग्नाआधी. ते राहिलंच तर गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत.