विमानाने न्यायची विजेची व्हीलचेअर: बॅटरी काढता येणारी की पक्की बसवलेली?

आईसाठी खुर्ची बघायला गेलो तेव्हा दुकानदार एका चार्जमध्ये ती किती किलोमीटर चालते, एवढंच सांगत होता. आईला वर्षातून दोनदा विमानाने न्यायचं असतं, त्यामुळे मला हवा होता बॅटरीवरचा आकडा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी २४० वॉट-अवरची. २० ची घेतली की ४८०. विमानतळावर हाच आकडा विचारतात.

दुमडणाऱ्या, बॅटरी स्वतः काढता येणाऱ्या खुर्चीत लिथियम बॅटरी काढून केबिनमध्येच न्यावी लागते. टोकांना चिकटपट्टी लावायची, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवायची. खुर्चीचा सांगाडा सामानकक्षात जातो. एकच बॅटरी असेल तर मर्यादा ३०० वॉट-अवर, खुर्ची दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी १६०. म्हणजे ४८० वाली ‘लाँग रेंज’ दुमडती खुर्ची घरात उत्तम, पण प्रवासात अडकणार. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅटरी सांगाड्यात पक्की आणि सुरक्षित बसवलेली असेल, तर वॉट-अवरची मर्यादा नाही. ती खुर्चीतच राहते. फक्त चुकून चालू होणार नाही अशी बंद करून द्यावी लागते. मात्र अशा खुर्च्या जड असतात, आणि एटीआर नावाच्या छोट्या, पंख्यांच्या विमानाच्या सामानकक्षाच्या दारातून त्या जातीलच असं नाही. मुंबई–दिल्ली करणाऱ्याला ही अडचण कमी. आडगावच्या विमानतळावर उतरणाऱ्याने आधी विमान कोणतं आहे ते विचारावं.

आम्ही काढता येणारी घेतली: २४ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकी १४४. पल्ला कमी मिळतो, हे खरं. पण आई एका बॅटरीवरही घरापर्यंत येऊ शकते आणि मला खुर्ची एकट्याने गाडीत टाकता येते. दिवसभर बाहेर काम करणाऱ्या, मोठ्या शहरांमध्येच प्रवास करणाऱ्या माणसाला मी पक्क्या बॅटरीचीच सुचवेन.

भाच्याने मध्येच विचारलं, मग माझी ई-स्कूटर (उभं राहून चालवायची, दुमडती) विमानात का नाही? त्याची बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवर, म्हणजे सुमारे २८० वॉट-अवर; आमच्या दोन्ही मिळून होतात जवळपास तेवढीच. पण ३०० पर्यंतची सवलत चालू न शकणाऱ्या प्रवाशाच्या साधनाला आहे. इतर सामानात १६० च्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही, आणि लहान बॅटरीची स्कूटर किंवा हॉवरबोर्डही (उभं राहून चालवायची दोन चाकांची फळी) बहुतेक विमान कंपन्या घेत नाहीत. हॉवरबोर्ड पेटल्याच्या घटनांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी त्यांवर बंदी घातली. जुलै २०१६ मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक हॉवरबोर्ड परत मागवले गेले. ही भीती उगाच नाही.

स्कूटर कार्गोने पाठवता येते, पण ती धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचा (यूएन) क्रमांक असतो; लिथियम-आयन बॅटरीवरच्या वाहनांना आता यूएन ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि बॅटरी १०० वॉट-अवरपेक्षा मोठी असेल तर २०२६ पासून चार्ज साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. नुसती बॅटरी वेगळी पाठवली तर ती यूएन ३४८०: १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून बंद, फक्त मालवाहू विमानाने. फुगलेली बॅटरी कोणत्याच विमानाने नाही. शिवाय प्रशिक्षित माणसाने केलेलं घोषणापत्र आणि बॅटरीच्या यूएन ३८.३ या सुरक्षा चाचणीचा गोषवारा लागतो. एका स्कूटरसाठी हा खटाटोप मला परवडण्यासारखा वाटत नाही. इथे विकून तिकडे घ्यावी.

खुर्चीसाठी मात्र तिकीट काढतानाच कंपनीला कळवा, निदान ४८ तास आधी. बॅटरीच्या लेबलचा फोटो, मॅन्युअलमधलं बॅटरी काढण्याचं पान आणि खुर्चीचं वजन ईमेलने पाठवा, लेखी होकार मागा, आणि त्याची छापील प्रत आईच्या पर्समध्ये ठेवा.